सेफ्टीच्या कागदामागची दीडशे वर्षं

आज बचत, हप्ते आणि पापड-लोणची थोडी बाजूला ठेवूया. आज आम्ही तुम्हाला एका कागदाचा इतिहास सांगणार आहोत.

झालं असं, की मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची वेगळीच मागणी आली. गटातल्या एका ताईंची मुलगी बी.एस्सी. झालेली, विषय केमिस्ट्री. दोन वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिला ‘ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी’ करायचा आहे, म्हणजे कारखान्यातली सेफ्टी ऑफिसर व्हायचं आहे. फीसाठी आईने अंतर्गत कर्ज मागितलं.

म्हशीसाठी मागितलं असतं, तर दोन मिनिटांत ठराव झाला असता. इथे मात्र कुजबुज सुरू झाली. एक काकू म्हणाल्या, “सेफ्टीचं काय शिकायचं असतं गं? जपून काम करावं, झालं.” दुसऱ्या म्हणाल्या, “पोरीने डोक्यावर हेल्मेट घालून गड्यांना हुकूम सोडायचे, हे काम बाईचं नाही.”

एवढ्यात कोपऱ्यातल्या एका आक्कांनी आपला उजवा हात पुढे केला. त्यांच्या बोटाची दोन पेरं नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी मिरची कांडपाच्या पट्ट्यात हात ओढला गेला होता. त्या म्हणाल्या, “तेव्हा मालक म्हणाला, बांगड्या घालून कशाला आलीस? मी पण तेच धरून बसले, की चूक माझीच. ही पोर काय शिकणार आहे, ते मला ऐकायचंय.”

ठराव पुढच्या बैठकीवर गेला आणि शोध घ्यायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही संयोजिका आर्ट्सवाल्या. पण वाचत गेलो, त्या मुलीची पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की हा कागद कोणा साहेबाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेला नाही. त्याच्या एकेका ओळीमागे कोणाचा तरी हात, कोणाची तरी छाती, कोणाचा तरी जीव गेलेला आहे. आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईतही झालेली आहे.

कावसजी डावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. बघता बघता गिरण्या वाढल्या. कोकणातून, देशावरून माणसं आली. बाया आल्या, लहान पोरं आली. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. १८७५ मध्ये सरकारने चौकशीसाठी एक आयोग नेमला, पण त्यातल्या बहुतेक सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखी मंडळी मात्र कायदा हवा म्हणून झटत राहिली. दुसरीकडे इंग्लंडमधल्या गिरणीमालकांनाही हिंदुस्थानात कायदा हवा होता. त्यांना मुंबईच्या स्वस्त कापडाची स्पर्धा नको होती. कामगाराचं भलं असं कधी कधी कोणाच्या स्वार्थाच्या वाटेनेही येतं.

१८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावं, असं त्यात होतं. मोठ्या माणसांच्या आणि बायांच्या तासांबद्दल एक अक्षर नव्हतं. पण ‘यंत्राला कुंपण’ हे शब्द लक्षात ठेवा. यंत्र धोक्याचं असेल तर ते झाकायची जबाबदारी मालकाची, हे आपल्या देशाच्या कायद्यात १८८१ पासून आहे. आक्कांचं बोट गेलं ते त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने.

त्याच काळात सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. ते स्वतः गिरणीत नोकरी केलेले. ‘दीनबंधू’ वर्तमानपत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्धा तास विश्रांती होती, वेळेवर पगार होता. शिवाय एक मागणी आज वाचली तरी अंगावर काटा येतो. काम करताना कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

एप्रिल १८९० मध्ये मुंबईत महालक्ष्मीला दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बाया भाषणाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी आठवड्याची सुट्टी मागितली. मैत्रिणींनो, विचार करा. आज गटाच्या बैठकीत नाव सांगतानाही आपल्यातल्या कितीजणींचा आवाज चिरकतो. त्या बाया दहा हजार माणसांसमोर बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, कायदा सुधारला. बायांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचं किमान वय नऊ झालं. जखमी कामगाराच्या भरपाईला मात्र वेळ लागला. तो कायदा आला १९२३ मध्ये. लोखंडे १८९७ मध्येच गेले होते. मागणी आणि कायदा यांच्यात एकोणचाळीस वर्षं गेली.

सेफ्टी म्हणजे नुसते तुटलेले हात नव्हेत. छातीत साठणारी धूळही त्यातच येते. गिरणीत कापसाच्या तुसामुळे छाती भरायची. सुट्टी संपवून कामावर आलं, की पहिल्याच दिवशी छाती जड व्हायची, श्वास लागायचा. डॉक्टरी भाषेत या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. इंग्लंडातले गिरणी कामगार त्या त्रासाला ‘मंडे फीवर’ म्हणत, म्हणजे सोमवारचा ताप. यंत्राने बोट तोडलं तर रक्त दिसतं. धूळ वीस वर्षं आत जात राहते आणि मग लोक म्हणतात, “त्याला दम्याचा त्रास होता.”

ही न दिसणारी गोष्ट टिपण्यात बायांचा वाटा मोठा आहे. आपला कारखाना कायदा ज्या इंग्लंडच्या धर्तीवर बनला, तिथे १८९३ मध्ये पहिल्यांदा दोन स्त्रियांना कारखाना निरीक्षक नेमलं गेलं. मे अब्राहम आणि मेरी पॅटरसन ही त्यांची नावं. त्यांच्यामागून आलेल्या ल्यूसी डीन यांनी १८९८ च्या अहवालात लिहून ठेवलं, की ॲस्बेस्टॉसची धूळ घातक आहे आणि तिचे कण काचेसारखे टोकदार आहेत. अहवाल छापला गेला आणि फडताळात गेला. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये. एका बाईने नजरेने टिपलेलं सत्य मान्य व्हायला एकशे एक वर्षं लागली. तेवढ्या काळात किती घरांत किती माणसं खोकून खोकून गेली असतील!

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे १९४८ चा कारखाना कायदा झाला. चांगला, मोठा कायदा. स्वच्छता, उजेड, पिण्याचं पाणी, यंत्रांची कुंपणं आणि बायांची संख्या ठरावीक आकड्याच्या वर गेली तर पाळणाघरसुद्धा त्यात होतं. पण त्यात आपल्या बाबतीत एक गंमत होती. चालत्या यंत्राची साफसफाई किंवा तेलपाणी बाईने करू नये, कापूस पिंजणाऱ्या यंत्राजवळ बाईला काम देऊ नये, संध्याकाळी सात ते सकाळी सहा तिला कारखान्यात ठेवू नये. हेतू रक्षणाचा होता, हे आम्ही मान्य करतो. पण यंत्र सुरक्षित करण्यापेक्षा बाईला बाजूला करणं सोपं होतं. जे यंत्र बाईचा हात तोडतं, ते गड्याचाही तोडतंच की! कायद्याच्या डोळ्यांपुढे बाई होती ती सांभाळायची वस्तू म्हणून. दुसऱ्यांना सांभाळणारी म्हणून ती अजून दिसलेली नव्हती.

दरम्यान सेफ्टी हा शिकायचा विषय होत गेला. मुंबईत शीव इथे केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिवस. १९७६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन नवं कलम आलं. हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील, किंवा काम विशेष धोक्याचं असेल, तर कारखान्याने सेफ्टी ऑफिसर नेमलाच पाहिजे. मग हा ऑफिसर कोण असावा, याचे महाराष्ट्राचे नियम १९८२ मध्ये झाले. इंजिनिअरिंगचं किंवा विज्ञानाचं शिक्षण हवं, कारखान्यातला अनुभव हवा आणि वर सरकारमान्य इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा हवा. म्हणजे आम्हा बी.ए.वाल्यांना ती वाट बंद, आमच्या पोरींना मात्र उघडी.

या नियमांतली एक अट आम्हाला फार आवडली. त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा या ऑफिसरला चांगली यायला हवी. म्हणजे आपल्याकडे मराठी ही त्या नोकरीची पात्रताच आहे. हे कलम किती मोलाचं आहे, ते भोपाळने दाखवलं.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे चाळीस टन विषारी वायू बाहेर पडला आणि झोपलेल्या वस्त्यांत शिरला. मध्य प्रदेश सरकारच्या आकड्यानुसारच ३,७८७ माणसं गेली. संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. हा घाला अचानक आला नव्हता. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहर धोक्याच्या तोंडावर बसलंय, असं लिहून सावध केलं होतं. त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. यंत्रांच्या सूचना इंग्रजीत आणि कामगार हिंदी बोलणारे. तोंडावर ओलं फडकं धरा, ही साधी गोष्टही आसपासच्या वस्तीला कोणी सांगून ठेवलेली नव्हती. नंतर कंपनीने काय म्हणावं? कोणा कामगाराने मुद्दाम घातपात केला! आक्कांच्या मालकाने बांगड्यांना दोष दिला, त्याचाच हा मोठा अवतार.

भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोक्याच्या उद्योगांसाठी नवं प्रकरण घातलं गेलं. कारखान्यात कोणता धोका आहे, हे कामगारांना आणि आसपासच्या लोकांना सांगणं बंधनकारक झालं. सुरक्षा समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावेत, असं ठरलं. समोर मोठा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेला आणून द्यायचा हक्क कामगाराला मिळाला. कारखान्याची भिंत ही धोक्याची हद्द नाही, हे तेव्हा कायद्याला पटलं. म्हणून आज या शिक्षणाला ‘एन्व्हायर्न्मेंट, हेल्थ अँड सेफ्टी’, थोडक्यात ‘ईएचएस’, असं तिहेरी नाव आहे. सेफ्टी गिरणीतल्या तुटलेल्या बोटांपासून आली, आरोग्य धुळीने भरलेल्या छातीतून आलं आणि पर्यावरणाचं महत्त्व भोपाळच्या वस्त्यांनी शिकवलं.

आता ही मुलगी शिकणार काय, ते सांगतो. १९३१ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट हाइनरिख यांनी एक पुस्तक लिहिलं. विमा कंपनीकडची कागदपत्रं चाळून त्यांनी मांडलं, की शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपघात कामगारांच्या चुकीने होतात. जगभरच्या मालकांना हा आकडा गोड वाटला. पण ती कागदपत्रं मुकादमांनी आणि मालकांनी भरलेली होती. स्वतःच्या यंत्राचा दोष कोण लिहील? पुढच्या तज्ज्ञांनी या आकड्यावर शंका घेतल्या. आज अपघाताचा तपास शिकवताना ‘कोणी चूक केली’ इथे थांबायचं नसतं. चूक झाली तरी हात यंत्रात जाऊच कसा शकला, हे विचारायचं असतं.

उपायांचीही पायरी असते. आपलं मिरची कांडपच घ्या. पहिली पायरी, धोका मुळातच काढता येतो का? दुसरी, त्याऐवजी कमी धोक्याचं यंत्र आणता येतं का? तिसरी, पट्ट्यावर जाळीचा गार्ड बसवता येतो का? चौथी, यंत्र बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, असा नियम आणि शिकवण. आणि सगळ्यात शेवटी मास्क, गॉगल अशी अंगावरची साधनं. “जपून काम करा” हा सल्ला या शिडीच्या तळाजवळ येतो, आणि आपण सुरुवातच तिथून करतो. हातमोजे तर फिरत्या यंत्राजवळ उलटे धोक्याचे, कारण मोजा अडकला की हातही आत ओढला जातो. काकू, सेफ्टीचं शिकायचं काय असतं, याचं हे उत्तर.

सगळंच छान आहे असं आम्ही म्हणत नाही. सेफ्टी ऑफिसरला पगार कारखानाच देतो. ज्याचं मीठ खायचं त्यालाच “हे काम थांबवा” म्हणायचं, हे सोपं नाही. कागदोपत्री त्याचं काम सल्ला देण्याचं. सल्ला ऐकणारा नसेल तर फाइल भरत राहते आणि यंत्र फिरत राहतं. सही तिची असणार, म्हणून उद्या काही झालं तर बोटही तिच्याकडेच दाखवलं जाणार. तिच्या आईला आम्ही हे स्पष्ट सांगितलं. तेव्हा ती मुलगीच म्हणाली, “म्हणूनच नीट शिकायचंय ना. अर्धवट शिकलेल्याला लवकर गप्प करता येतं.”

तुमच्याही घरी कोणी हे शिकायचं म्हणत असेल तर एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात हा डिप्लोमा राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेचा घेता येतो, शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतही शिक्षण आहे. ब्रिटनच्या ‘नेबॉश’सारखी परदेशी प्रमाणपत्रंही आहेत, आखाती देशांतल्या नोकऱ्यांत त्यांना मान आहे. पण आपल्याकडे कायद्याने नेमायच्या सेफ्टी ऑफिसरसाठी सरकारमान्य डिप्लोमाच लागतो. चार आठवड्यांत सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी मान्यतेचा कागद मागून बघा. २०२० मध्ये संसदेने नवी संहिता मंजूर केली. तिच्यात सेफ्टी ऑफिसरसाठी कारखान्याची अट हजारावरून पाचशे कामगारांवर आणि धोक्याच्या कामात अडीचशेवर आणली आहे. शिवाय संमती आणि सुरक्षेच्या अटींवर बायांना रात्रपाळीचीही मोकळीक दिली आहे. म्हणजे या शिक्षणाची गरज वाढणारच.

राहिला प्रश्न आपला, गावातल्या बायांचा. कारखाना कायदा ज्या कारखान्यांसाठी होता, त्यांत यंत्र असेल तर किमान दहा कामगार लागत. आपलं कांडप, पिठाची गिरणी, शेवयांचं मशीन त्या उंबऱ्याच्या बाहेरच. मळणी यंत्रांत इतके हात गेले, की १९८३ मध्ये देशाला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तरी आपल्या शेतात अजून कोणाचा पदर, कोणाची वेणी अडकतेच. इन्स्पेक्टर आपल्या दारात येणार नाही. मग आपल्यातलंच कोणीतरी शिकलेलं नको का?

परवाच्या बैठकीत हे सगळं आम्ही वाचून दाखवलं. ‘एकोणचाळीस वर्षं’ हा आकडा आला तेव्हा आक्कांनी हात पदराखालून बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे बांगड्यांचा दोष नव्हता.” कोणी काही बोललं नाही. मग ‘हेल्मेट’वाल्या काकूंनीच विचारलं, “हप्ता किती बसेल?”

कर्जाचा ठराव सगळ्यांच्या सह्यांनी झाला. आक्कांनी डाव्या हाताने सही केली. बैठक संपल्यावर त्या मुलीने आमच्याच गटाच्या मसाला युनिटमध्ये डोकावलं आणि कांडपाच्या उघड्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. आम्ही तिथे चार वर्षं रोज ये-जा करतोय. आक्कांच्या बोटाची गोष्टही आम्हाला ठाऊक होती. तरी आमच्यातल्या एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. त्याच आठवड्यात गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाळीचा गार्ड बसवून घेतला. खर्च गटाच्या वहीत ‘यंत्र दुरुस्ती’ म्हणून लिहायला घेतला होता. आक्का म्हणाल्या, तसं लिहू नका. मग वहीत लिहिलं, ‘यंत्राला कुंपण’.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर, किंवा उद्या गिरणीत दळण घेऊन गेल्यावर, एकदा पट्टा उघडा आहे का बघा. उघडा असेल तर मालकाला सांगा. एकटीने सांगायची भीती वाटली तर चौघी मिळून सांगा.